एक, दोन, तीन, पाच, सहा, आठ

१

मंगळवारी सकाळी शिंपीकाका दोऱ्याची रिळं आणायला बाहेर पडले आणि चिंधीवाल्याच्या दुकानासमोर गचकन थांबले. दुकानाच्या दारात ऊन अडवायला एक जांभळा मखमली झगा टांगला होता. गेली तीस वर्षं हा झगा ते स्वतः ब्रशने साफ करत होते. नाटकातल्या कितीतरी राण्या तो घालून रडल्या होत्या, आणि एक तर पायऱ्यांवरून गडगडत खालीही आली होती.

"अहो, हा कुठून आणलात?" काकांचा आवाजच फाटला.

"तुमच्याकडूनच की," चिंधीवाला म्हणाला. "काल तुमच्या गठ्ठेमामांनी दोन पोती पाठवली. यंत्रं पुसायला झकास कापड आहे. दुपारी कापायला घेणार."

देवाच्या कृपेने अजून कात्री लागली नव्हती. काकांनी पोती उलटी केली. सेनापतीचा कोट निघाला, विदूषकाचा पट्ट्यापट्ट्यांचा डगला निघाला, जादूगाराची कफनी, न्यायाधीशाचा काळा झगा आणि पंखांसकट परी. राणी धरून सहा. काकांनी सगळे खांद्यावर टाकले, परीचे पंख डोक्यावर घेतले आणि भर रस्त्यातून धावत सुटले. रिळं राहिली ती राहिलीच.

नाटकांना पोशाख भाड्याने देणारं ते भांडार. चारशे बारा पोशाख. त्यातले पहिले आठ मालकांच्या आईने स्वतःच्या हाताने शिवलेले, आणि त्या आठांवरच सगळा डोलारा उभा राहिलेला. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मालकांनी टेबलावर पडलेले सहा पोशाख पाहिले, परीच्या पंखावरून एकदा हात फिरवला, आणि मग त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या छापखान्यात ऐकू गेला.

"माझ्या आईचे पोशाख चिंध्यांत कुणी घातले?"

गोदाम सांभाळणाऱ्या गठ्ठेमामांनी खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. संगणकावर कुणी पोशाख बाद केले, की खाली गोदामातल्या प्रिंटरवर अशी चिठ्ठी निघायची. तिच्यावर नुसते आकडे: १, २, ३, ५, ६, ८. आणि खाली बाद करणाऱ्याची ओळख.

तिथे छापलं होतं: किल्लीताई.

२

किल्लीताई बावीस वर्षं भांडार सांभाळत होत्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून हे नाव. त्या चालत आल्या की आधी आवाज यायचा आणि मागून ताई.

"मालक, मी कोल्हा बाद केला, भूत बाद केलं. राणीला मी हातसुद्धा लावला नाही."

"मग चिठ्ठी खोटं बोलते?"

"चिठ्ठीचं मला ठाऊक नाही. मी खोटं बोलत नाही."

"शनिवारी कोण म्हणत होतं, ही जुनी धुडं हलवा, नवीन ठेवायला जागा नाही?"

"मीच. पण तुमच्या तोंडावर म्हणाले ना! पाठीमागून करायचं असतं, तर तोंडावर कशाला भांडले असते?"

मुद्दा बिनतोड होता, पण रागावलेल्या माणसाला मुद्दा दाखवून काय उपयोग? मालकांनी हात पुढे केला.

"किल्ल्या ठेवा टेबलावर. संध्याकाळी सहापर्यंत खरं काय ते कळलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच किल्लीताई आवाज न करता चालल्या आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.

तेवढ्यात दारात हळूबाई उभ्या राहिल्या. त्या वरच्या छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. इतक्या हळू बोलायच्या, की समोरच्यालाही आपोआप आवाज खाली आणावा लागे.

"एवढ्या आरडाओरड्यात मला स्वल्पविराम दिसेनात," त्या म्हणाल्या. "काय झालं?"

मालकांनी सगळं सांगितलं. "तुमची नजर बारीक आहे, हळूबाई. तुम्हीच शोधा. संशय माझा ठरलेलाच आहे."

"माझा एक रोजचा नेम आहे," हळूबाई म्हणाल्या. "दुपारी बारापर्यंत मी कुणावर संशय घेत नाही."

"मग बारानंतर या!"

"आलेच आहे तर ऐकून घेते. ऐकायला संशय लागत नाही."

आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला. "किल्लीताईंनी बाद केलेला तो कोल्हा आत्ता कुठे आहे?"

३

कोल्हा गोदामात होता. शेपटी झडलेला, पण जागच्या जागी, कापडी खोळीत लटकलेला. शेजारी भूतही होतं. मूळचं पांढरं, आता कावीळ झाल्यासारखं पिवळं.

"मामा, हे दोघं इथेच कसे?"

"त्यांचा आकडा चिठ्ठीत नव्हता," गठ्ठेमामा म्हणाले. "बाई, मी खोळ उघडून बघत नाही. चिठ्ठीतला आकडा आणि खोळीवरचा आकडा जुळला, की पोत्यात. आत राणी आहे की राक्षस, मला काय ठाऊक! उघडून बघायला लागलो, तर ट्रक यायचा आणि मी इथे परीशी गप्पा मारत बसलेला असायचो."

"चिठ्ठी तुमच्या हाती आली तेव्हा अशीच होती?"

"अशीच. फक्त चुरगळलेली नव्हती. तेवढा गुन्हा माझा."

शिंपीकाका वरच्या खोलीत सेनापतीच्या कोटाची गुंडी शिवत होते. हातातलं काम थांबवलं की त्यांना बोलता येत नसे, म्हणून हळूबाईंनी त्यांना थांबवलं नाही.

"सोमवारी दिवसभर मी मशीनवर," काका म्हणाले. "संगणकाच्या वाटेला मी जात नाही. एकदा जावईबापूंनी तो माऊस हातात दिला, तर मी बोटात शिवणाचा अंगुस्ताना चढवूनच धरला होता. सवय, दुसरं काय!"

अकराच्या सुमारास जावईबापू आले. मालकांच्या मुलीशी लग्न ठरत असताना होणाऱ्या सासऱ्यांवर छाप पाडायला त्यांनी भांडारासाठी हा प्रोग्रॅम लिहून दिला होता. लग्नाला सहा वर्षं झाली, प्रोग्रॅमची दुरुस्ती अजून चालूच होती.

त्यांनी खुर्ची ओढली आणि संगणकाच्या पडद्यावर चारशे बारा ओळींचं कोष्टक उघडलं. एका ओळीत एक पोशाख: क्रमांक, नाव, माप, अवस्था. "नीट बघा, बाबा. नुसती चाचणी घेतो, खरं काही बाद होणार नाही." त्यांनी विसाव्या ओळीवर क्लिक केलं. ओळ निळी झाली. त्यांनी बाद करण्याचं बटण दाबलं. पडद्याने विचारलं, 'निवडलेला १ नग बाद करायचा?' होय म्हटल्यावर खालून मामांची हाक आली, "वीस आलाय!" मग त्यांनी कंट्रोलचं बटण दाबून धरून तीन ओळी एकत्र निवडल्या: तेहतीस, शहात्तर, एकशे एक.

"तेहतीस, शहात्तर, एकशे एक!" मामा खालून ओरडले.

"प्रोग्रॅम चोख आहे," जावईबापू म्हणाले. "गेल्याच आठवड्यात ताईंच्या मागणीवरून एक सोयही वाढवली. रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं, की सगळी यादी त्या रकान्याप्रमाणे लागते. क्रमांकाने लावा, नावाने लावा, मापाने लावा. ताई, आवडली ना?"

खिडकीपाशी बसलेल्या किल्लीताईंनी मान हलवली. "सोमवारी पहिल्यांदाच वापरली. छान आहे." आरोपीने कौतुक करावं, हे जावईबापूंना जरा जडच गेलं.

नोंदही त्यांनी उघडून दाखवली. सोमवार, अकरा वाजून दहा मिनिटं, सहा नग बाद, किल्लीताई.

मालकांनी हळूबाईंकडे पाहिलं. "मशीन बरोबर, चिठ्ठी बरोबर, वेळही बरोबर. आता राहिलं कोण?"

भिंतीवरच्या घड्याळाचे दोन्ही काटे एकावर एक येत होते.

४

"वाजले बारा," मालक म्हणाले. "घ्या आता संशय."

पण हळूबाईंच्या आधी संशय मालकांच्याच मनात फिरला. चिठ्ठी पुन्हा वाचता वाचता ते थबकले. "थांबा. आईचे पोशाख आठ. बाद झाले सहा. चार आणि सात का सुटले?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. चार नंबरची राजकन्या आणि सात नंबरचा पहारेकरी दहा वर्षांपूर्वी पार विरले होते. दोन्ही पोशाख नव्या कापडात पुन्हा शिवले होते शिंपीकाकांनी.

"म्हणजे ज्याने हे केलं, त्याने स्वतःच्या हातचे दोन तेवढे वाचवले," मालक हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. "आणि ताईंचा पासवर्ड तर संगणकाशेजारी कागदावर चिकटवलेलाच आहे."

कोपऱ्यात बसलेल्या शिंपीकाकांच्या हातातली सुई थांबली. ते काही बोलू पाहत होते, पण काम थांबल्यावर त्यांचं तोंड उघडेना.

किल्लीताईंना एवढंच करायचं होतं, की गप्प बसायचं. किल्ल्या आपोआप परत आल्या असत्या. त्या उठल्या.

"मालक, काकांच्या वाटेला जाऊ नका. सोमवारी अकरा वाजता त्या खुर्चीत मीच बसले होते. सहा नग मीच निवडले, बटण मीच दाबलं."

"म्हणजे कबूल करता?"

"निवडले ते कबूल करते. राणी नाही निवडली. किल्ल्या गेल्या तर गेल्या. काकांवर ढकलून मला त्या नकोत."

"अहो ताई," जावईबापू कळवळून म्हणाले, "मग या चिठ्ठीचा अर्थ तरी काय?"

"तो तुम्हा शिकलेल्यांनी सांगायचा. मला कोल्हा ठाऊक."

मालकांनी दोन्ही हात वर केले. "सहा वाजेपर्यंत मी गप्प बसतो. त्यानंतर दोघांपैकी एक जण घरी."

५

छापखान्यातलं काम उरकून पाच वाजता हळूबाई परत आल्या आणि त्यांनी किल्लीताईंना चहाच्या खोलीत नेलं. किटली ठेवली. खुर्ची एकच होती, ती ताईंना दिली आणि स्वतः पेटीवर टेकल्या.

"बारा केव्हाच वाजून गेले," ताई म्हणाल्या. "आता माझ्यावर संशय घ्यायला तुम्ही मोकळ्या."

"घेऊन बघितला. बसत नाही. म्हणून परत सकाळचंच धरते. तुम्ही खऱ्या, काका खरे, मामा खरे, जावईबापू खरे. आणि चिठ्ठीही खरी."

"सगळेच खरे कसे असतील?"

"तेच बघू. सोमवारी बसल्यापासून काय काय केलंत, तेवढं सांगा. बारीकसारीकसुद्धा."

ताईंनी रिकामा कप हातात धरला. "नेहमीसारखंच. रफू करायला ढीग लावते ना, तसंच. सगळ्यात फाटका वर. चांगले खाली. आधी संगणकावर तसं जमत नव्हतं, नंबराप्रमाणेच यादी असायची, शोधून शोधून डोळे दुखायचे. म्हणून तर जावईबापूंच्या मागे लागले. सोमवारी 'अवस्था' म्हणून जो रकाना आहे, त्याच्या डोक्यावर क्लिक केलं. झालं! सगळी फाटकी मंडळी वर आली."

"कोण कोण? वरून सांगा." हळूबाईंनी पिशवीतून निळी पेन्सिल आणि कोरा कागद काढला.

"सगळ्यात वर कोल्हा. त्याला निवडलं. मग भूत, निवडलं. मग खलाशी, त्याचा गळाच उसवलाय, निवडला. मग अस्वल."

"निवडलं?"

"छे! अस्वल कितीही फाटलं तरी मुलांना तेच हवं असतं. सोडलं. त्याच्या खालचा ढग निवडला, डाकू निवडला. मग बँडवाला, त्याच्या पितळी गुंड्या चांगल्या आहेत, सोडला. मग भोपळा. तो निवडला. सहा झाले. पडद्याने विचारलं, सहा नग बाद करायचे? मी म्हटलं, कर बाबा."

"पडद्याने नावं विचारली?"

"नाही. नुसतं सहा म्हणाला. बरोबरच होतं की!"

हळूबाई ताईंचं बोलणं ओळीने उतरवत होत्या. निवडलेल्यासमोर निळी रेघ, सोडलेल्यासमोर काहीच नाही. लिहून झाल्यावर त्यांनी कागद लांब धरला. रेघ, रेघ, रेघ, मोकळी जागा, रेघ, रेघ, मोकळी जागा, रेघ.

त्यांनी गठ्ठेमामांची चिठ्ठी त्याच्या शेजारी ठेवली. एक, दोन, तीन. चार नाही. पाच, सहा. सात नाही. आठ.

किटली शिट्टी वाजवत राहिली. गॅस बंद करायचं दोघींपैकी कुणालाच सुचलं नाही.

"ताई," शेवटी हळूबाई म्हणाल्या, "सगळ्यांना बोलवा. मालकांना आधी. आणि सांगा, जो जे कपडे घालून असेल, त्याच कपड्यांत या. कुणी बदलायचे नाहीत."

६

साडेपाच वाजता मोठ्या खोलीत सगळे जमले. हळूबाईंनी एक कागद जावईबापूंच्या हातात दिला. भांडारात कोण कधी आलं, त्या क्रमाने पाच नावं: पहिले मालक, दुसरे शिंपीकाका, तिसरे गठ्ठेमामा, चौथ्या किल्लीताई, पाचवे जावईबापू.

"ही झाली मूळ यादी. ती हलवायची नाही. आता तुम्ही सगळे रांगेत उभे राहा. ज्याचे कपडे सगळ्यात फाटके, तो पहिला."

"हा काय पोरखेळ आहे?" मालक म्हणाले. त्यांचा शर्ट त्याच दिवशी घडी मोडलेला होता.

"पोरखेळच आहे. पाच मिनिटांचा."

गठ्ठेमामा आपणहून पुढे आले. त्यांच्या सदऱ्यातून दोन्ही कोपरं बाहेर डोकावत होती. दुसरा कोण, यावर थोडी हुज्जत झाली. शेवटी शिंपीकाकांनी जावईबापूंच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. तिथे पँट टरटरून फाटली होती.

"काका, ही फॅशन आहे! विकत घेतानाच अशी मिळते."

"फाटकं ते फाटकं," काका म्हणाले. "मी शिंपी आहे, मला शिकवू नका."

जावईबापू दुसरे. मग काका, मग ताई, आणि सगळ्यात शेवटी, कडक इस्त्रीचे मालक.

हळूबाईंनी काकांचा निळा खडू घेतला. मामांच्या खांद्यावर एक रेघ ओढली, जावईबापूंच्या खांद्यावर एक. "मी हे दोघं निवडले. निवडलेली ओळ निळी होते ना? जावईबापू, रांगेतले कितवे निळे झाले?"

"पहिला आणि दुसरा."

"आता तुमच्या हातातल्या यादीतला पहिला आणि दुसरा वाचा. आणि त्यांना बाद करा."

जावईबापूंनी कागद पाहिला. "पहिले... बाबा. दुसरे, शिंपीकाका."

"मला?" मालक रांगेच्या शेपटीकडून ओरडले. "मला कसं बाद करता? मला कुणी हात तरी लावला का? मी इथे सगळ्यात शेवटी उभा आहे!"

"हो ना," हळूबाई म्हणाल्या. "राणीचंही तेच म्हणणं असणार."

जावईबापूंच्या हातातून कागद गळून पडला. ते संगणकाकडे धावले. या वेळी त्यांनी आधी 'अवस्था'च्या मथळ्यावर क्लिक केलं. यादी सरसर हलली. कोल्हा वर आला. त्यांनी कोल्ह्यावर क्लिक केलं, तोच निळा झाला. चाचणीची चिठ्ठी काढली आणि स्वतःच धडाधड जिना उतरून गेले. वर आले तेव्हा चिठ्ठी त्यांच्या हातात होती. तिच्यावर आकडा होता १.

"कोल्ह्याचा नंबर किती?" हळूबाईंनी विचारलं.

"तीनशे सात," ताई न बघता म्हणाल्या.

"माझं चुकलं," जावईबापू म्हणाले. "प्रोग्रॅम पडद्याला विचारतो, कितव्या ओळी निळ्या आहेत? पडदा सांगतो, पहिली, दुसरी, तिसरी. मग मी सरळ मूळ यादीतून पहिला, दुसरा, तिसरा उचलतो. मथळ्यावर क्लिक करून फक्त पडद्यावरच्या ओळी हलतात, मूळ यादी होती तशीच राहते. पडद्यावरची ही ओळ मूळ यादीत कुठे बसते, ते आधी विचारून घ्यायला हवं होतं. एवढं एकच वाक्य लिहायचं राहिलं."

"पण सकाळी तर सगळं बरोबर येत होतं!" मालक म्हणाले.

"सकाळी यादी नंबराप्रमाणे होती, बाबा. तेव्हा पडद्यावरची विसावी ती यादीतलीही विसावीच. मी चाचणी कायम तशीच घेतो. मला नंबर सुचतात."

"आणि ताईंना फाटकं आधी सुचतं," हळूबाई म्हणाल्या. "ताईंनी चौथं अस्वल सोडलं म्हणून तुमची चौथी राजकन्या वाचली. सातवा बँडवाला सोडला म्हणून पहारेकरी वाचला. त्यात काकांच्या शिलाईचा काही संबंध नाही. कुणीच खोटं बोललं नव्हतं, मालक."

शिंपीकाकांनी न विचारता सुई पुन्हा हातात घेतली. "पहारेकऱ्याची शिलाई मात्र खरंच सुंदर आहे," ते म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू फुटलं.

मालकांचा चेहरा लाल झाला. जावयावर ओरडायची सोय नव्हती, आणि ओरडल्याशिवाय त्यांना राग गिळता येत नव्हता. दोन येरझाऱ्या घातल्यावर ते किल्लीताईंसमोर उभे राहिले.

"जावईबापूंची चूक एका वाक्याची. माझी दिवसभराची. मी विचारायच्या आधीच ठरवून मोकळा झालो." त्यांनी जुडगा पुढे केला. "सगळ्यांसमोर घेतल्या होत्या, सगळ्यांसमोर देतो. घ्या, ताई."

ताईंनी किल्ल्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. सहाला दहा कमी होते.

"सहापर्यंतची मुदत तुम्हीच दिलीत ना?" त्या म्हणाल्या. "मग सहापर्यंत भांडार तुमच्याकडे. माझा चहा तसाच राहिलाय."

आणि त्या चहाच्या खोलीत निघून गेल्या.

तेवढ्यात खालच्या दाराची घंटा वाजली. शाळेतल्या एक शिक्षिका आल्या होत्या. उद्याच्या नाटकात नऊ चिमण्या होत्या आणि त्यांना नऊ चोची हव्या होत्या. मालक जुडगा घेऊन खाली उतरले. पहिली किल्ली लागली नाही. दुसरी लागली, तर कपाटात मिशा निघाल्या. तिसऱ्या कपाटातून मुकुट कोसळले. ओळीने मुखवटे, तलवारी, शेपट्या आणि एक झोपलेलं मांजर निघालं, पण चोच एकही निघाली नाही. वर सगळे कान देऊन ऐकत होते. गठ्ठेमामा मदतीला उठू लागले, तर हळूबाईंनी त्यांना हातानेच बसवलं.

घड्याळात सहाचे ठोके पडले. किल्लीताईंनी कप विसळून पालथा घातला, पदराला हात पुसले आणि जिना उतरून खाली गेल्या. मुकुटांच्या ढिगात मालक बसले होते. ताईंनी तळहात पुढे केला. मालकांनी दोन्ही हातांनी किल्ल्या त्यावर ठेवल्या.

"नऊ चोची ना?" ताई शिक्षिकेला म्हणाल्या. "बसा, बाई. दोन मिनिटांत देते."